पिच्चरनं गानं, का गानाना पिच्चर?

नागपंचमी होऊन गेली होती आणि रविवारी आमच्या खानदेशची देवी कानबाई बसणार होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत पुण्या-सुरतेकडची सगळी मंडळी अमळनेरजवळच्या आमच्या गावी येऊन पोचली. दीड महिना ओढ दिलेल्या पावसानं नेमका तोच मुहूर्त धरला. असा लागला की ओसरीखाली पाय टाकायची सोय नाही. पोरं कंटाळली. मग मी लॅपटॉप उघडून माझा एक लाडका जुना इंग्रजी सिनेमा लावला, 'सिंगिंग इन द रेन'. म्हटलं, बाहेर पाऊस आहेच, आतलाही बघा.

नायक भर पावसात छत्री मिटवतो आणि रस्त्यावर नाचायला लागतो, त्या गाण्याला आक्काही स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "आंगवरना कपडा वल्ला करी ऱ्हायना, याले काही वाटत नही का?" एवढं बोलून ती गाणं संपेपर्यंत तिथेच थांबली. भाची अकरावीत आहे, तिला वेगळाच प्रश्न पडला. "मामा, सिनेमाचं नावच गाण्यात आहे. मग हाई पिच्चरनं गानं शे, का गानाना पिच्चर शे?"

तिनं सहज विचारलं, पण या सिनेमाबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न तोच आहे.

आपल्याला ज्याला टायटल साँग म्हणायची सवय आहे, त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी कथा, मग सिनेमाचं नाव, मग गीतकाराला सांगायचं की हे नाव ओळीत बसवून दे. राज कपूरच्या 'बरसात'चं (१९४९) शीर्षकगीत शैलेंद्रनं असंच सिनेमासाठी लिहिलं आणि पुढे अशा गाण्यांचा तो उस्तादच झाला. म्हणजे आपल्याकडे गाणं हे सिनेमाचं लेकरू.

इथे नातं उलटं आहे. सिनेमा १९५२ चा, गाणं १९२९ चं. शब्द आर्थर फ्रीडचे, चाल नेसिओ हर्ब ब्राऊनची. बोलपट नुकते सुरू झाले होते आणि एमजीएम या कंपनीनं आपले सगळे कलाकार एकत्र करून 'द हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ १९२९' नावाचा एक करमणुकीचा भेळमिसळ सिनेमा काढला होता. कथा नाही, नुसते एकामागून एक कार्यक्रम. त्यात क्लिफ एडवर्ड्स नावाच्या गायकानं हातात उकुलेली घेऊन (गिटारीचं धाकटं भावंड समजा) हे गाणं म्हटलं आणि शेवटी सगळ्या नटनट्यांनी रेनकोट घालून तेच पुन्हा गायलं. गाणं चाललं. नंतर ते दुसऱ्या सिनेमांतही येत राहिलं. १९४० मध्ये ज्युडी गार्लंडनं ते 'लिटल नेली केली'त गायलं आहे. आपल्या सिनेमाचा नायक जीन केली पडद्यावरच्या पावसात उतरला तेव्हा गाण्याचं वय तेवीस होतं.

मधल्या काळात फ्रीड गीतकाराचा निर्माता झाला. एमजीएममध्ये संगीतपट काढणारं त्याचं वेगळं खातंच होतं. आता हाताशी स्वतःची जुनी गाणी पडलेली आणि सिनेमा काढायचा अधिकारही. तेव्हा त्यानं बेटी कॉम्डन आणि अडॉल्फ ग्रीन या न्यूयॉर्कच्या लेखकजोडीला बोलावून सांगितलं की माझ्या आणि ब्राऊनच्या गाण्यांचा एक सिनेमा करायचा आहे, नाव 'सिंगिंग इन द रेन', कथा तुम्ही शोधा. बिचाऱ्यांकडे भांडवल काय, तर कुठेतरी पाऊस पडत असेल आणि त्यात कुणीतरी गात असेल, एवढंच. गाण्यांची बाडं चाळता चाळता त्यांच्या लक्षात आलं की या चालींना वास आहे तो त्या काळाचाच, मूकपट बोलू लागले त्या दिवसांचा. मग कथाही त्याच दिवसांत का नको? गाणी ज्या मातीत उगवली त्या मातीतच त्यांनी कथा पेरली. सिनेमा इतका एकजीव वाटतो त्याचं कारण मला तरी इथेच दिसतं.

काळाचा हिशेब मात्र त्यांनी फारसा ठेवला नाही. कथा घडते १९२७ मध्ये आणि त्यात लोक १९२९ चं गाणं गातात. 'गुड मॉर्निंग' तर १९३९ च्या एका सिनेमातलं. सिनेमात नवी गाणी दोनच, बाकी सगळा जुना माल. त्या दोनांपैकी एकाची चाल कोल पोर्टर या संगीतकाराच्या एका गाण्याच्या इतकी जवळची आहे की ते नवं म्हणायलाही जीभ अडखळते.

भाचीला म्हटलं, हे उलटं नातं आपल्याला नवं नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी जात्यावर, शेतात काम करताना गाणी रचली. लिहितावाचता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, आणि एका नातलगानं ती टिपून ठेवली. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. हा सिनेमा न्यूयॉर्कमध्ये लागला तेच हे वर्ष. पुढे १९६१ च्या 'मानिनी' या मराठी सिनेमात त्यांची गाणी आली तेव्हा ती कितीतरी जुनी होती. लेवा बोलीतली ती गाणी. आमची अहिराणी निराळी, पण जळगाव-अमळनेरच्या माणसाला आपली वाटायला एवढं अंतर आड येत नाही. गाणं आधी, पडदा नंतर. फरक इतकाच की तिकडे गीतकार स्वतःच सिनेमाचा मालक झाला आणि इकडे गाणी रचणारीला आपलं पुस्तकही पाहायला मिळालं नाही.

आता सिनेमातल्या गोष्टीकडे येतो. ती समजायला थोडं तंत्र समजून घ्यावं लागतं.

डॉन लॉकवूड (जीन केली) आणि लीना लॅमॉन्ट (जीन हेगन) ही मूकपटांतली लाडकी जोडी. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' येतो, पडद्यावर माणसं गाऊ-बोलू लागतात आणि प्रेक्षकांना दुसरं काही चालेनासं होतं. यांच्या स्टुडिओलाही अर्धवट झालेला मूकपट बोलका करावा लागतो. अडचण अशी की लीना दिसायला परी आणि आवाज फुटक्या पिपाणीचा.

चित्र आणि आवाज या सुरुवातीला दोन वेगळ्या वस्तू होत्या, हे आज पटकन ध्यानात येत नाही. चित्र फिल्मच्या रिळावर आणि आवाज तबकडीवर. 'जॅझ सिंगर'ची व्हिटाफोन पद्धत हीच. सोळा इंची तबकडी, मिनिटाला सव्वातेहेतीसच्या आसपास फेरे, एक तबकडी एका रिळाला पुरायची, म्हणजे साधारण अकरा मिनिटं. प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरला जोडलेली, एका जुवाखाली दोन बैल जुंपावेत तशी. दोन्ही बरोबर चालले तर नांगरणी सरळ. ऑपरेटरनं सुई खुणेवर ठेवायची, फिल्मची खुणेची चौकट (फिल्मवरचं एकेक स्थिर चित्र म्हणजे चौकट) झडपेसमोर आणायची आणि मग मोटर सुरू करायची.

आणि एक बैल अडखळला तर? फिल्म तुटायची, हे तर नेहमीचंच. यात्रेतल्या तंबूत टुरिंग टॉकीज बघितलेल्या माणसाला पडदा मध्येच पांढरा होणं आणि पाठोपाठच्या शिट्ट्या आठवतच असतील. मूकपटाच्या काळी तुटलेले दोन तुकडे चिकटवले की काम झालं. पण सेकंदाला चोवीस चौकटी धावत असताना जोडताना बारा चौकटी कापल्या गेल्या, तर चित्र अर्धा सेकंद पुढे पळालं आणि तबकडीवरचा आवाज मागे राहिला. तो मग रीळ संपेपर्यंत मागेच. म्हणून ऑपरेटरला कापलेल्या चौकटी मोजून तेवढ्याच काळ्या चौकटी जोडाव्या लागत. सिनेमात लीना-डॉनच्या पहिल्या बोलपटाचा खेळ होतो तेव्हा हेच घडतं. चित्र आणि आवाजाची गाडी अशी चुकते की नायिका 'नाही, नाही, नाही' म्हणते ते खलनायकाच्या जाड्या आवाजात आणि खलनायक 'हो, हो, हो' म्हणतो ते नायिकेच्या किनऱ्या आवाजात. आमची सगळी ओसरी इथे हसून लोळली. मोबाइलवरचा व्हिडिओ अडकला की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे जातात, तोच हा जवळजवळ शंभर वर्षं जुना आजार.

यावर लवकरच उतारा सापडला. आवाज फिल्मच्याच कडेला एका बारीक पट्टीत, प्रकाशाच्या कमीजास्त रेघांच्या रूपात छापायचा. प्रोजेक्टरमधल्या दिव्याचा उजेड त्या पट्टीतून जातो, पलीकडे प्रकाश कमीजास्त होतो, त्याची वीज होते आणि विजेचा आवाज. आता फिल्म तुटली तर दोन्ही बरोबरच तुटणार. यातली एक गंमत मला फार आवडते. एखाद्या चित्राचा आवाज त्याच्या शेजारी छापलेला नसतोच, साधारण वीस चौकटी पुढे असतो. कारण चित्र दिसायला फिल्म झडपेसमोर क्षणभर थांबावी लागते, म्हणजे ती हिसके देत चालते. आवाजाला मात्र सलग, एकसारखी चाल हवी. म्हणून चित्र एका जागी वाचायचं आणि हिसके निवल्यावर थोडं पुढे आवाज वाचायचा.

दुसरी डोकेदुखी माइकची. तो सगळंच ऐकायचा. कॅमेरा खडखडायचा, म्हणून कॅमेऱ्याला माणसासकट जाड भिंतींच्या खोलीत कोंडायचे. सिनेमात माइक झुडपात लपवतात, तर लीना भलतीकडेच तोंड करून बोलते. तिच्या कपड्यात शिवतात, तर काळजाचे ठोके ऐकू येतात. हे सगळं थट्टेनं दाखवलंय, पण खोटं नाही. आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक) रात्री चित्रित करावा लागला, कारण स्टुडिओच्या शेजारून रेल्वे जायची. भुसावळच्या पाहुण्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्या काळी नटानंच कॅमेऱ्यासमोर गायचं आणि वादकांनी झाडाआड, पडद्याआड दडून वाजवायचं. 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा मराठीतला पहिला बोलपट, तोही याच सोसण्यातून आला.

सुटका केली ती प्लेबॅकनं. गाणं आधी शांतपणे मुद्रित करायचं. चित्रीकरणाच्या वेळी ते कर्ण्यावर वाजवायचं. नटानं फक्त ओठ हलवायचे आणि नाचायचं. आपल्याकडे हे १९३५ च्या सुमारास, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधून रुजलं. माझा भाचा अमळनेरला अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करतो. त्याच्या 'स्टुडिओ'त भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत, त्या आवाज घुमू नये म्हणून. चित्रीकरण केळीच्या बागेत, शेजारी ब्लूटूथचा डबा गाणं वाजवतोय आणि पोरगी ओठ हलवतेय. त्याला म्हटलं, तू करतोस ते आणि केलीनं केलं ते एकच. त्यानं मान डोलावली, पण त्याला खरी गोडी होती ती पावसाची.

"मामा, आपण खऱ्या पावसात शूटिंग केलं तर पाऊस दिसतच नाही. यांचा कसा दिसतो?"

याबद्दल एक लोणकढी थाप जगभर फिरते की पाण्यात दूध मिसळलं होतं. नव्हतं. पाण्याचा थेंब पारदर्शक असतो आणि वेगानं पडतो, म्हणून समोरून उजेड टाकला तर तो दिसत नाही. उजेड मागून आला की थेंबाच्या कडा पेटतात. रात्री धुळ्याच्या रस्त्याला समोरून एसटी येते तेव्हा तिच्या दिव्यांत पावसाच्या धारा कशा सुतासारख्या मोजता येतात, तसंच. तिथेही दिवे मागून लावले. पण मागचा उजेड दुकानांच्या काचांत चमकून सरळ कॅमेऱ्यात यायचा, तो टाळण्यात छायाचित्रकाराचा घाम निघाला असणार. कारण तो रस्ता स्टुडिओच्या आवारातला खराच बांधलेला रस्ता होता. वर ताडपत्र्या ताणून दिवसाची रात्र केलेली आणि वर नळ्यांचं जाळं. डबकीसुद्धा मोजून खणलेली, जिथे पाऊल पडणार तिथेच पाणी. आणि या सगळ्यात जीन केली अंगात सणसणून ताप घेऊन दिवसभर लोकरीच्या सुटात भिजत होता.

आवाजाचं काय? त्याचं गाणं आधीच मुद्रित झालं होतं. भिजलेल्या रस्त्यावर बुटांची टकटक नीट येणं शक्यच नाही, म्हणून ती आणि पाण्याचा चुबूकचुबूक आवाज नंतर वेगळा मुद्रित करून जुळवला. म्हणजे आपण बघतो ते एका दिवसाचं आणि ऐकतो ते भलत्याच दिवसांचं, तरी वाटतं की हा माणूस आत्ता, याच क्षणी, आनंदानं गातोय. सुरुवातीची ती 'दू-दी-दू-दू' गुणगुण १९२९ च्या गाण्यात नव्हती. फ्रीडचा सहकारी संगीतकार रॉजर एडन्स यानं ती या सिनेमासाठी घातली आणि आता ती काढून टाकली तर गाणं अनोळखी वाटेल.

गाण्यात कथा पुढे सरकते का? तिळभरही नाही. प्रेयसीला दारापर्यंत पोचवून आलेला माणूस टॅक्सी परत पाठवतो, पन्हाळीखाली तोंड धरतो, डबक्यात पोरासारखा थयथय नाचतो, पोलीस येऊन नुसता बघतो तेव्हा ओशाळतो आणि छत्री एका वाटसरूला देऊन निघून जातो. जूनच्या शेवटी पहिला दमदार पाऊस आला की आमच्याकडचा कपाशीवालाही अंगणात येऊन नुसता भिजत उभा राहतो. काही करत नाही. हे तेच.

सिनेमाला त्या वर्षी एकही ऑस्कर मिळालं नाही, नामांकनं फक्त दोन. पुढे २००६ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं संगीतपटांच्या यादीत त्याला पहिला नंबर दिला. गाण्याचं म्हणाल तर ते सिनेमाच्या आधीही होतं आणि नंतरही मोकळंच राहिलं. १९७१ मध्ये दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकनं ते आपल्या सिनेमातल्या एका अंगावर काटा आणणाऱ्या, क्रूर प्रसंगात वापरलं.

पण भाचीला सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. कथेत लीनाच्या फाटक्या आवाजावर तोड काढतात ती अशी की पडद्यामागून कॅथी (डेबी रेनॉल्ड्स) बोलणार आणि गाणार, पुढे लीना ओठ हलवणार. कॅथीचं नाव कुठेच नाही. शेवटी भर थिएटरात पडदा ओढतात, खरी गायिका दिसते आणि तिला न्याय मिळतो. टाळ्या आमच्या ओसरीतही पडल्या.

मी म्हटलं, थांबा. लीनाच्या बोलपटासाठी कॅथी 'वुड यू' हे गाणं गाते, त्यात आवाज रेनॉल्ड्सचा नाहीच. तो बेटी नॉइझ नावाच्या गायिकेचा. आणि कॅथी लीनाचे संवाद गोड, भारदस्त आवाजात बोलते असं दाखवलंय, तो आवाज खुद्द जीन हेगनचा, म्हणजे लीनाचाच! तिचा खरा आवाज छान होता, पिपाणी हे तिचं सोंग. म्हणजे रेनॉल्ड्स हेगनला आवाज देतेय असं दिसतं आणि प्रत्यक्षात हेगन रेनॉल्ड्सला आवाज देतेय. गायिकेला न्याय देणाऱ्या या सिनेमाच्या श्रेयनामावलीत बेटी नॉइझचं नाव नाही.

भाचीनं खरंच सुरुवातीची नावं पुन्हा लावून बोटानं एकेक ओळ तपासली. नाही सापडलं.

"आपल्याकडे असं नसेल," ती म्हणाली. होतं. १९४९ मध्ये 'महल'मधल्या गाजलेल्या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी'. ते सिनेमातल्या पात्राचं नाव. गायलेलं लता मंगेशकरांनी. रेडिओवर गाणं लागलं की लोक पत्रं टाकून विचारायचे, ही कोण? मग हळूहळू तबकड्यांवर नावं येऊ लागली आणि आपण गाणं लागलं की नटीआधी गायिका ओळखायला शिकलो. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना ही सवय कधी लागली नाही, त्यामुळे तिथे दुसऱ्याचा आवाज वापरणं म्हणजे लपवायची गोष्ट. इथे ती उघड कला झाली. मला तरी आपली रीत जास्त सरळ वाटते.

रविवारी नैवेद्याचे रोट झाले, रात्री जागरणाला बायका बसल्या. आक्कानं कानबाईचं एक गाणं धरलं, तिच्या सासूनं शिकवलेलं, त्या सासूला आणखी कुणी. भाचा मोबाइल पुढे करून बसला होता. गाणं संपल्यावर म्हणाला, आई, याच्यावर व्हिडिओ करतो, कॉलेजमधली एक पोरगी आहे, ती पडद्यावर छान दिसेल, आवाज तुझाच ठेवतो.

"गानाना पिच्चर," भाची मला कोपरानं ढोसत म्हणाली.

आक्कानं पदराला हात पुसले. "तिन्हं तोंड दखाड, मन्हा आवाज ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पन खाले मन्हं नाव लिखशी ना रे? आनि मन्ही सासूनं बी लिख."

भाच्यानं तिथल्या तिथे मोबाइलमध्ये दोन नावं टाइप केली. दुसरं टाइप करताना त्याला थांबून विचारावं लागलं, आजीचं नाव काय होतं.